अठ्ठ्यांची जोडी आणि दहा ब्लाइंड

पोकरच्या स्पर्धेत तुमच्या पुढ्यात दहा बिग ब्लाइंडएवढ्याच चिप्स उरल्या असतील, तुमच्या आधी कुणी डाव उघडलेला नसेल आणि हातात अठ्ठ्यांची जोडी आली असेल, तर सगळ्या चिप्स मध्ये सारायच्या. दोन ब्लाइंड घालून फ्लॉप बघायचा नाही, ‘बघू या पुढे काय होतंय’ म्हणायचं नाही, आणि पानं टाकून देऊन एक्क्यांच्या जोडीची वाट तर अजिबात बघायची नाही. सत्त्या, नव्व्या आणि दश्श्यांनाही हेच लागू. मी हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच्या नेमकं उलट करून बाहेर जाणारी माणसं मी हातभर अंतरावरून रात्रीमागून रात्री पाहिली आहेत.

मी सावंतवाडीचा. आमच्याकडची बरीच मुलं गोव्यात नोकरीला जातात. कुणी हॉटेलात, कुणी औषधांच्या कारखान्यात, कुणी मांडवीतल्या कॅसिनोंवर. मी कॅसिनोवर गेलो. पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने मोठ्या जहाजावर जायचं, वास्कीट चढवायचं, तळहात उलटे-सुलटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे आणि पत्ते वाटायला बसायचं. सुरुवातीला ब्लॅकजॅक आणि बॅकरा केलं, नंतर पोकरच्या टेबलावर गेलो आणि तिथेच रमलो. डीलरने कुणाच्या खेळाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही, असा तिथला शिरस्ता. आणि तो योग्यच आहे. आता ती नोकरी सोडून मी गावी परतलो आहे, तेव्हा जे तिथे गिळलं ते इथे बोलतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर पाच पानं उघडी पडतात: आधी एकदम तीन, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, मग शेवटचं, तो रिव्हर. सातांतली उत्तम पाच धरायची. दर हाताला दोन खेळाडूंना सक्तीने चिप्स लावाव्या लागतात, ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. हल्ली बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाची अँटी, म्हणजे सक्तीची आणखी एक रक्कमही भरतो. स्पर्धेत प्रवेश फी भरली की सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात. त्या बाहेर वटत नाहीत, आणि संपल्या की तुम्ही बाहेर. शिवाय ठरावीक वेळाने, अर्ध्या तासाने म्हणा, ब्लाइंड वाढतात. म्हणजे काहीही चूक न करता, नुसतं बसून राहूनही तुमची शिल्लक आटत जाते. ती दहा-बारा ब्लाइंडवर आली की खेळाडू म्हणतात, ‘शॉर्ट झालो.’

आता हिशेब. समजा ब्लाइंड 1,000 आणि 2,000, अँटी 2,000, आणि तुमच्याकडे 20,000. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरी म्हणजे नऊ हात, आणि एकही पान न खेळता त्या फेरीला तुमचे 5,000 जातात. चार फेऱ्या, 36 हात, की खेळ आटोपला. टेबलावर तासाला साधारण तीस हात वाटून होतात. डीलर कितीही सफाईचा असला तरी माणसं विचार करायला वेळ घेतातच. म्हणजे तास-सव्वा तास. मधे ब्लाइंड वाढले तर तेवढाही नाही.

या वेळात माणूस कशाची वाट बघत असतो? राण्या, राजे किंवा एक्के यांच्या जोडीची. दोन पानांचे 1,326 वेगवेगळे हात होतात, त्यात या तीन जोड्यांचे मिळून 18. म्हणजे साधारण 74 हातांत एकदा. तुमच्याकडे आहेत 36. त्या 36 हातांत अशी एकही जोडी न येण्याची शक्यता 61 टक्के आहे. आणि पंचविसाव्या हाताला राजे आलेच, तर तोवर पुढ्यात तीन-चार ब्लाइंड उरलेले असतील. ते दुप्पट झाले तरी आज आहेत त्याहून कमीच. सत्तीपासून दश्शीपर्यंतची कुठलीही जोडीसुद्धा 55 हातांत एकदा येते. ती काही उठसूट येत नाही. आली असताना टाकून देणं म्हणजे सव्वा तासातली बहुधा एकुलती एक संधी टाकून देणं.

पण टाकून देणारे तसे थोडेच. जास्त माणसं मधला मार्ग धरतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. मधल्या जोडीचं दुखणंच असं आहे. दुर्रीच्या जोडीला कुणी फारसा जीव लावत नाही. राजांची जोडी खेळायला अक्कल लागत नाही. सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या मात्र फेकवत नाहीत आणि त्यांच्यावर सगळं लावायचा धीरही होत नाही. मग थोडंसं लावून बघायचं.

एक खेळाडू मला आठवतात. कोल्हापूरकडचे, कोंबड्यांच्या खाद्याचा व्यापार. टेबलावर अदबीने बोलणारे, मला ‘बाळ’ म्हणायचे. माझ्या डावीकडे, बटनच्या, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या खेळाडूच्या अलीकडच्या खुर्चीवर बसले होते. पुढ्यात नऊएक ब्लाइंड, दोन गठ्ठ्यांत नीट रचलेले. सगळ्यांनी पानं टाकत त्यांच्यापर्यंत डाव आला. त्यांनी दोन्ही पानांचे कोपरे अंगठ्याने उचलले, आणि अंगठा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिला. मग हात गठ्ठ्यांकडे गेला, दोन्ही गठ्ठे कवेत घेतल्यासारखा त्यांच्याभोवती फिरला, आणि परत मागे आला. शेवटी त्यांनी वरच्या काही चिप्स उचलून दोन ब्लाइंडचा रेज केला. बटन आणि स्मॉल ब्लाइंडने पानं टाकली. बिग ब्लाइंडमध्ये कानात हेडफोन घातलेला एक तरुण होता. आणखी एकच ब्लाइंड घालून फ्लॉप बघायला मिळतो म्हटल्यावर त्याने कॉल केला. मी टेबलावर टकटक केलं, एक पान जाळलं, म्हणजे न दाखवता बाजूला टाकलं, आणि फ्लॉप उघडला: राजा, सत्ती, चौरी.

त्या मुलाने वेळ न घालवता समोरच्याच्या उरलेल्या सगळ्या चिप्सना पुरेल एवढी बेट लावली. पॉटमध्ये साडेपाच ब्लाइंड, कोल्हापूरकरांकडे सात. ते राजाकडे बघत राहिले. पुन्हा पानांचे कोपरे उचलून बघितले. मग मान हलवली आणि आपली पानं उघडी करून टेबलावर ठेवली: नव्व्यांची जोडी. आपण किती जड मनाने सोडली हे सगळ्यांना कळावं म्हणून. मुलानेही आपली पानं दाखवली: राणी आणि गुलाम. त्याला राजा लागला नव्हता, काहीच लागलं नव्हतं. मी पॉट त्याच्याकडे सरकवला. त्याच लेव्हलमध्ये कोल्हापूरकर बाहेर गेले.

त्या मुलाने चांगला खेळ केला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला तो खेळ करायला जागा कुणी दिली? फ्लॉपच्या आधी नऊचे नऊ ब्लाइंड मध्ये आले असते, तर राणी-गुलाम घेऊन कॉल करायची त्याची छाती झाली असती का? झाली असती तरी नव्व्या पन्नास टक्क्यांच्या वरच होत्या, आणि पाचही पानं उघडेपर्यंत त्यांना टेबलावरून कुणी उठवू शकलं नसतं.

या सगळ्याच्या मुळाशी दोन आकडे आहेत आणि ते प्रत्येक खेळाडूने पाठ करावेत. तुमच्याकडे अठ्ठ्या असतील तर आठपैकी सात फ्लॉपवर अठ्ठीपेक्षा मोठं निदान एक पान पडतंच. नव्व्या असतील तर पाचपैकी चार फ्लॉपवर. आणि समोरच्याकडे जोडी नसेल, साधी दोन वेगळी पानं असतील, तर त्याला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही लागतं ते तीनपैकी एकदाच. म्हणजे तुम्हाला भीती वाटेल असा फ्लॉप आठपैकी सात वेळा येणार, आणि समोरच्याचं खरोखर भलं होणार ते तीनांत एकदा. या दोहोंमधल्या मोठ्या अंतरात तुम्ही आघाडीवर असूनही पानं टाकता. लहान शिल्लक घेऊन मधल्या जोडीने फ्लॉप बघणारा माणूस पैसे देऊन स्वतःची फसगत विकत घेतो, असंच मी म्हणेन.

‘तिसरी अठ्ठी लागली तर?’ हा नेहमीचा प्रश्न. फ्लॉपवर ती लागते 11.8 टक्के वेळा, साडेआठ वेळांत एकदा. तुमच्याकडे शंभर ब्लाइंड असतील आणि समोरच्याकडेही, तर दोन ब्लाइंड घालून ही वाट बघणं परवडतं, कारण लागली की मोठी रक्कम हाती येते. दहा ब्लाइंडवाल्याला दोन घालून फार तर उरलेल्या आठांवर आणखी आठ मिळवायचे असतात, आणि तेही समोरच्याने मुकाट्याने द्यायला हवेत. हे गणित जुळत नाही. शिल्लक लहान असताना तिसऱ्या अठ्ठीच्या आशेवर केलेला कॉल हा निव्वळ तोटा आहे.

आता सगळं लावल्यावर काय होतं ते बघा. पुढे तीन जण बोलायचे आहेत. समजा दहापैकी सहा वेळा तिघेही पानं टाकतात. तुम्हाला न लढता अडीच ब्लाइंड मिळतात, दहाचे साडेबारा होतात, एका झटक्यात पंचवीस टक्के वाढ. उरलेल्या चार वेळा कुणीतरी कॉल करतो. त्याच्याकडे एक्का-राजा असेल तर अठ्ठ्या शंभरात 52 ते 55 वेळा जिंकतात. एक्का-सत्ती असेल तर सत्तरच्या आसपास. लहान जोडी असेल तर ऐंशी. मोठी जोडी असेल तर फक्त वीस. सगळं मिळून निम्म्याच्या जरा वर, पण निम्मंच धरू. म्हणजे दहा वेळा असं केलंत तर सहा वेळा वाढ, दोन वेळा दुप्पट, दोन वेळा बाहेर. सरासरी काढली तर दर वेळी पावणेदोन-दोन ब्लाइंडचा फायदा. पानं टाकली तर फायदा शून्य आणि पुढच्या फेरीला अडीच ब्लाइंड वजा.

‘मोठ्या जोडीवर आदळलो तर’ ही भीती मी टेबलावर सगळ्यात जास्त ऐकली. अठ्ठ्या हातात असताना कुठल्याही एका विरोधकाकडे मोठी जोडी असण्याची शक्यता तीन टक्क्यांहून किंचित कमी आहे. तिघांत मिळून नऊ टक्क्यांच्या आत. पहिल्या खुर्चीवर असाल आणि मागे आठ जण असतील तर ती एकवीस टक्क्यांवर जाते. म्हणून तिथून सत्त्या लावताना मी समजू शकतो की हात थरथरेल. पण शेवटच्या तीन-चार खुर्च्यांवरून लावताना थरथरायचं कारण नाही.

कोण आधी लावतो, यावर हा सगळा डोलारा उभा आहे. आधी लावणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात: सगळ्यांनी पानं टाकणं, किंवा उघड झाल्यावर आपली पानं सरस ठरणं. कॉल करणाऱ्याला एकच. म्हणून ज्या पानांनी तुम्ही आनंदाने सगळं लावाल त्याच पानांनी दुसऱ्याचं ऑल-इन कॉल करायला तुम्हाला बरीच जास्त ताकद लागते. डेव्हिड स्क्लॅन्स्कीने 2002 च्या आपल्या स्पर्धा-पोकरवरच्या पुस्तकात हा मुद्दा मांडला आणि तो आजही खोटा पडलेला नाही. पहिल्या खुर्चीवरच्या एखाद्या सावध माणसाने रेज केला असेल आणि तुमच्याकडे दहा ब्लाइंड आणि सत्त्या असतील, तर खुशाल टाका. पण बटनवरून, कुठल्याही पानांवर डाव उघडणाऱ्या माणसाने रेज केला असेल, तर त्याच सत्त्यांनी त्याच्यावर ऑल-इन जा. पंधरा ते वीस ब्लाइंड असताना तर हा सगळ्यात धारदार खेळ आहे, कारण पॉटमध्ये त्याचेही दोन-सव्वादोन ब्लाइंड पडलेले असतात आणि पानं टाकायला त्याच्याकडे जागा असते. नुसता कॉल मात्र दोन्ही वेळा चूक.

डॅन हॅरिंग्टन 1995 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा विजेता झाला. बिल रोबर्टीबरोबर लिहिलेल्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’मध्ये त्याने एक माप रूढ केलं: आपल्या चिप्स भागिले एका फेरीचा खर्च. बॅकगॅमनचा मोठा खेळाडू पॉल मॅग्रिएल याच्या आडनावावरून त्याला ‘एम’ म्हणतात. वरच्या उदाहरणात 20,000 भागिले 5,000, म्हणजे चार. हॅरिंग्टनच्या हिशेबात पाचाखाली लाल पट्टा सुरू होतो, आणि तिथे दोनच चाली उरतात: सगळं किंवा काहीच नाही. या मापाचं महत्त्व असं की ते पानं बघण्याआधी काढता येतं. मी जे चांगले खेळाडू पाहिले ते पानं वाटली जात असताना स्वतःच्या चिप्सकडे आणि मागे बसलेल्यांच्या चिप्सकडे बघत. पानं उचलेपर्यंत त्यांचा निर्णय जवळपास झालेला असे. बाकीचे आधी पानं बघत आणि मग मोजायला घेत. तोवर जोडीचा मोह आणि राजाची भीती दोन्ही डोक्यात शिरलेले असत.

2007 ची वर्ल्ड सिरीजची अंतिम लढत मी जुन्या चित्रणात अनेकदा पाहिली आहे. 6,358 जणांतून दोघे उरले होते: लाओसमध्ये जन्मलेला, कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणारा जेरी यांग, आणि कॅनडाचा तुआन लॅम. लॅमची शिल्लक कमी. यांगने रेज केला, लॅमने चौकटचे एक्का-राणी घेऊन सगळं लावलं. यांगच्या हातात अठ्ठ्या. तो बराच वेळ विचार करत राहिला आणि मग कॉल केला. फ्लॉप पडला किल्वरची राणी, किल्वरची नव्वी, इस्पिकची पंजी. राणी लागल्याबरोबर लॅम पुढे गेला. टर्नला चौकटची सत्ती, रिव्हरला बदामची छक्की, आणि यांगची पंजीपासून नव्वीपर्यंत सलग पाच पानं जुळली. 82 लाख 50 हजार डॉलर त्याला मिळाले.

हा हात सांगताना सगळे रिव्हरच्या छक्कीबद्दल बोलतात. मला लॅमच्या चालीबद्दल बोलायचं आहे. शिल्लक कमी, पानं चांगली, आणि त्याने लावलं. चाल बरोबर होती. हरला, कारण समोर नेमकी जोडी होती आणि पानं तशी पडली. चार वर्षं आधी, 2003 मध्ये, याच स्पर्धेत फिल आयव्हीच्या नव्व्या ख्रिस मनीमेकरच्या एक्का-राणीपुढे गेल्या तेव्हा तर फ्लॉपला दोन राण्या पडल्या, टर्नला नव्वी येऊन आयव्हीचं फुल हाउस झालं, आणि रिव्हरला एक्का येऊन मनीमेकरचं त्याहून मोठं झालं. आयव्ही दहावा, मनीमेकर विजेता. असे हात टेबलावर दर रात्री होतात, फक्त त्यांचं चित्रण होत नाही. त्यावरून जो माणूस ‘मधल्या जोड्या माझ्यावर रुसल्या आहेत’ असं ठरवतो, त्याचा पुढचा महिना वाया जातो.

आता जिथे माझं हे मत उलटं फिरतं तिथे येतो, कारण तेही तितकंच जोराने सांगायला हवं. स्पर्धेत साधारण सात-आठांपैकी एकालाच बक्षीस मिळतं असं धरा. बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे अजून एक जण गेला की उरलेल्यांना पैसे मिळणार अशा वेळी, चिप्सची किंमत बदलते. दुप्पट चिप्स म्हणजे दुप्पट पैसे राहत नाहीत, आणि गमावलेल्या चिप्स मिळवलेल्या चिप्सपेक्षा महाग पडतात. याचं गणित घोड्यांच्या शर्यतीतून आलं: डेव्हिड हारव्हिल याने 1973 मध्ये शर्यतीतल्या क्रमांकांची शक्यता काढायचं सूत्र दिलं आणि मेसन माल्मुथने 1987 मध्ये ते पोकरला लावलं. त्या उंबरठ्यावर तुमच्याकडे दहा ब्लाइंड असतील, दुसऱ्या दोघांकडे दोन-दोन असतील, आणि मोठ्या शिल्लकवाल्याने तुमच्या आधी सगळं लावलं असेल, तर अठ्ठ्या टाकण्यात शहाणपण आहे. तुम्ही स्वतः आधी लावणं मात्र तिथेही बरेचदा बरोबर असतं, कारण बाहेर जायची भीती समोरच्यालाही तितकीच असते.

सॅटेलाइटमध्ये तर सगळंच वेगळं. सॅटेलाइट म्हणजे मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळवून देणारी छोटी स्पर्धा. मनीमेकर स्वतः तिथूनच आला. दहा जागा आहेत आणि अकरा जण उरले आहेत, असं समजा. पहिल्याला आणि दहाव्याला अगदी सारखंच बक्षीस. एकाच्या पुढ्यात एक ब्लाइंड उरला आहे, तुमच्याकडे दहा. इथे कुणी तुमच्या आधी ऑल-इन गेला तर अठ्ठ्या सोडाच, एक्क्यांची जोडीही टाकायची. जिंकून जास्तीचं काही मिळणार नाही, हरलात तर आत्ताच जवळपास खिशात आलेलं जाईल. मी एका सॅटेलाइटला डीलर असताना याच जागी एका गृहस्थांनी दश्श्यांची जोडी दाखवत कॉल केला, आणि पुढच्या हाताला तो एक ब्लाइंडवाला माणूस बाहेर जाणारच होता. गेले ते दश्श्यावाले. बाकीचे दहा जण टाळ्या वाजवत उठले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती रीएंट्रीची. आता बहुतेक स्पर्धांत पहिले काही तास पुन्हा फी भरून आत येता येतं. या काळात तीच माणसं एक्का-तिर्रीवरही वीस-वीस ब्लाइंड ढकलतात, ‘गेलो तर परत येऊ’ म्हणून. फी हजारांत असते आणि ती दुसऱ्यांदा भरताना हात आखडत नाही. आणि रीएंट्रीची खिडकी बंद झाल्याबरोबर तेच लोक नव्व्यांवर सात ब्लाइंड लावायला घाबरतात. नेमकं उलटं हवं. खिसा जपायचा असेल तर आधीच्या तासांत जपा. बंद झाल्यानंतर गमावायला फक्त चिप्स आहेत, पैसे तर आधीच गेलेले आहेत. स्पर्धेचा मोठा गुण हाच की तोटा फीपुरता मर्यादित राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या रीएंट्रीने माणूस तो गुण स्वतःच्या हाताने मोडतो. ज्याला एक फी सहज सोडून देता येत नाही त्याने जेटीवरून बोटीतच बसू नये, हे मी खेळाडूंना कधी बोलू शकलो नाही आणि आज बोलतो आहे.

माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन खेळांचा नवा कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. तेव्हापासून तो आणि त्याचे मित्र फुकटच्या चिप्सवर खेळतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. मधल्या जोडीचं गणित शिकायला पैसे लागत नाहीत. अडचण एवढीच की फुकटच्या चिप्सवर कुणी पानं टाकतच नाही, त्यामुळे समोरच्याला घालवण्याची ताकद तिथे शिकता येत नाही. गणपतीत घरी आला तेव्हा पडवीत बसून त्याने अठ्ठ्यांवरून विचारलं, “काका, मी थांबलंय तर काय बिघाडतला?”

मी पत्त्यांचा कॅट मागवला. दोन अठ्ठ्या एका बाजूला ठेवल्या, राजा आणि राणी दुसऱ्या बाजूला. उरली 48 पानं. म्हटलं, पीस, तीन पानं उघड, वहीत दोन रकान्यांत खुणा कर: अठ्ठीपेक्षा मोठं पान आलं का, आणि राजा किंवा राणी आली का. पुन्हा पीस, पुन्हा उघड. हिशेबाने पहिल्या रकान्यात शंभराला 85 च्या आसपास खुणा व्हायला हव्यात आणि दुसऱ्यात 33-34. बाहेर आरती चालू होईपर्यंत तो पिसत बसला होता. वहीत पहिला रकाना दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त भरला. मग त्याने छक्क्यांचं विचारलं. दहा ब्लाइंड असतील, आधी कुणी उघडलं नसेल आणि तू बटनवर असशील तर त्याही लाव, असं मी त्याला सांगितलं.